कुलूपवाल्यांचा आवाज

"काल फोनवर आवाज कसा खणखणीत होता तुमचा, आणि आज हे काय?" नानवाल्या तुर्सुनाय एजेनं विचारलं, आणि नान घ्यायला पुढे केलेला शारशेनचा हात तसाच राहिला. दुकानाच्या खिडकीतून तंदूरची ऊब बाहेर येत होती. मागे रस्त्यावर कोळशाच्या धुराचं करडं धुकं बसलं होतं, हिवाळाभर बिश्केकवर बसलेलं असतं तसं. गेल्या आठवड्यापासून त्याचा घसा पार गेला होता. जीपारनं, त्याच्या बायकोनं, मेंढीच्या शेपटीची चरबी गरम दुधात घालून पाजून पाहिली होती. तरी तोंड उघडलं की नुसती हवा यायची. "मी कुठे फोन केला?" त्यानं त्या हवेनंच विचारलं. एजेनं पुढे वाकून कान दिला, मग हसली. "विसरलात होय? काल दुपारी नाही का केलात? म्हणालात, एजे, तुमच्या फोनवर आत्ता एक आकडा येईल, तो मला वाचून दाखवा. मी म्हटलं, आगाय, दोन्ही हात पिठात आहेत, मग बघू. तर म्हणालात, बरं बरं, सावकाश. नंतर पुन्हा केलाच नाहीत." शारशेननं अजून नान घेतला नव्हता. "आकडा कुणाला सांगायचा नाही, असं मीच शिकवलं होतं ना तुम्हाला?" त्यावर एजेच्या चेहऱ्यावर त्याच्याबद्दलची कीवच आली. "कुणाला म्हणजे परक्याला. तुम्ही काय परके?"

तो निघाला. नान राहिला की घेतला हे त्याला बसथांब्यापर्यंत कळलं नाही. हातात होता, गरम होता. रस्त्याकडेच्या पाटात बर्फाचे काळे तुकडे अडकले होते आणि त्यांच्या खालून पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता, दिसत नव्हतं. त्यानं पुन्हा एकदा बोलून पाहिलं, स्वतःचं नाव. बाजूला उभ्या असलेल्या म्हातारीनं वळून पाहिलं आणि स्कार्फ तोंडावर ओढून घेतला. आपण इथे मुके उभे आहोत आणि आपला आवाज मात्र गावभर हिंडतोय, लोकांच्या घरात जातोय, त्यांना एजे, म्हणजे ताई, म्हणतोय, बरं बरं सावकाश म्हणतोय. तो 'सावकाश' त्याला जास्त लागला. ते त्याचंच होतं. वर्गात मुलं गोंधळली की तो म्हणायचा, सावकाश. चोरानं त्याचा नुसता सूर उचलला नव्हता, त्याची सवयही उचलली होती.

आवाजामुळेच तर तो लोकांना फसवणुकीपासून सावध करण्याच्या या कामात आला होता. तरुणपणी रेडिओवर होता. डोंगरातल्या रस्त्यांची खबर वाचायचा, कुठली खिंड बर्फानं बंद, कुठली उघडी. मग रेडिओचे पगार बंद झाले आणि तो तंत्रशाळेत संगणक शिकवायला लागला, तोही पुस्तकं एक धडा पुढे वाचून. तेव्हापासून तो सगळ्यांचा आगाय, म्हणजे मास्तर, झाला. सरकारनं लहान धंदेवाल्यांसाठी संगणक-सुरक्षेची योजना काढली तेव्हा तिचा प्रमुख म्हणून आलेला मेदेर, वयानं शारशेनच्या मुलाएवढा, बाहेर शिकून आलेला, त्याला शोधत तंत्रशाळेत आला होता. "आगाय, माहिती आमच्याकडे ढीगभर आहे," मेदेर म्हणाला होता, "ऐकणार कोण? तुमचा आवाज ऐकला की माणसाला वाटतं, हा खोटं बोलणार नाही." त्याच्या आवाजात छोट्या छोट्या ध्वनिफिती केल्या. शिवणकामाचे कारखाने, बेकऱ्या, औषधांची दुकानं, दातांचे दवाखाने, सगळ्यांच्या फोनवर त्या गेल्या. योजनेच्या चिन्हात एक कुलूप होतं, म्हणून लोक त्यांना कुलूपवाले म्हणायचे. कुलूपवाले आले, चहा टाका. शारशेनला ते आवडायचं. जीपार चिडवायची, "एवढं वय झालं आणि आता सिनेमानट झालात." खरंच त्याला सुख व्हायचं, बाजारात कुणी त्याचा आवाज ओळखून वळून पाहिलं की छातीत काहीतरी ऊबदार सांडायचं.

त्याच्या वडिलांचाही आवाज असाच होता. ते सरकारी व्याख्याते होते. उन्हाळ्यात घोड्यावरून वरच्या कुरणांत जायचे आणि मेंढपाळांना सांगायचे, जगात काय चाललंय, अवकाशात कोण गेलं, लोकरीचा भाव का वाढणार. शारशेन लहानपणी एकदोनदा बरोबर गेला होता. तंबूसमोर गवतात बसलेली माणसं, त्यांच्या रापलेल्या चेहऱ्यांवर पडलेलं ऊन आणि वडिलांचा तो भरलेला, गोल आवाज. शेवटच्या वर्षी ते सांगत होते की सामुदायिक शेतं मोडणार नाहीत, कळप कुठेही जाणार नाहीत, धीर धरा. त्यानंतर कळप वाटले गेले, मग विकले गेले, मग कापून खाल्ले गेले. वडिलांच्या मयताला वरून एक म्हातारा मेंढपाळ आला होता. शारशेनचा हात हातात घेऊन तो म्हणाला, "तुझ्या बापाचा आवाज फार चांगला होता. आम्ही त्याचं ऐकलं." तेवढंच. त्यात दोष होता की आदर, हे शारशेनला कधीच ठरवता आलं नाही; बसमधल्या गर्दीत, काचेवरच्या वाफेत, आत्ताही तो तेच वाक्य उलटसुलट करून पाहत होता.

मेदेरनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. कचेरीतल्या त्याच्या खोलीत दोन हवा स्वच्छ करणारी यंत्रं घरघरत होती. "कसं केलं असेल ते कळतंय," तो म्हणाला. "फिती उघड्यावरच आहेत. तुमचा आवाज तासन्‌तास पडलाय तिथं. हल्ली हुबेहूब नक्कल करायला यंत्राला थोडा पुरतो." "सगळ्यांना सांगायला हवं," शारशेन कुजबुजला. "आज." मेदेरनं पेन टेबलावर आडवं ठेवलं, मग उभं. "आगाय, गुरुवारी पैसे देणारे पाहुणे येतायत. योजना पुढे चालू ठेवायची की नाही ते ठरणार आहे. आपणच आपल्या नावानं बोंब मारली तर उरलेल्यांचं संरक्षणही जाईल. गुरुवारनंतर नीट शब्दांत सूचना काढू." "तोवर?" "तोवर तुम्ही घरी जा, घसा सांभाळा. आणि कृपा करून कुणाला फोन करू नका. गोंधळ वाढेल." त्यात वाईट माणसाचं काहीच नव्हतं. शारशेनला वाटलं, हा वाईट असता तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. त्याच्या जागी आपण असतो तर हेच बोललो असतो, फक्त जास्त चांगल्या आवाजात.

तरी त्यानं जिन्यात उभं राहून फोन केलेच. पहिला केला कपडे शिवणाऱ्या कारखान्याच्या मालकिणीला, जिच्याकडे तो गेल्या महिन्यातच चहा पिऊन आला होता. मागे यंत्रांची खडखड ऐकू येत होती. "एजे, मी शारशेन, माझ्या नावानं फोन आला तर..." त्याच्या घशातून खरखर निघाली. "कोण?" "शारशेन." ती शेजारणीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "आलाय बघ एक. अरे बाबा, शारशेन आगायचा आवाज मला पाठ आहे. त्यांनीच शिकवलंय आम्हाला, अशा फोनवर काय करायचं ते." आणि फोन बंद झाला. चष्म्याच्या दुकानदारानंही तेच केलं, फक्त वर दोन शिव्या घातल्या. शारशेनला हसू येईल असं वाटलं. आलं नाही. त्यांनी चोख तेच केलं होतं जे त्यानं त्यांना सांगितलं होतं. तो भिंतीला टेकला. जिन्यात उकडलेल्या कोबीचा वास होता. कुठे कुठे फोन करावे हे आठवत असताना बुरूल एजेचा दवाखाना त्याच्या डोक्यात आला आणि तिथेच थांबला, पुढची नावं आलीच नाहीत.

बुरूल एजे बायकांच्या डॉक्टर होत्या. साठी उलटलेली, ठेंगणी, रशियन काळातल्या इमारतीच्या तळमजल्यावर दोन खोल्यांचा दवाखाना. त्यांच्याकडे एक लोखंडी कपाट होतं, त्यात प्रत्येक बाईचं पुठ्ठ्याचं कार्ड, आणि कपाटाची किल्ली त्यांच्या गळ्यात. कुणाचं मूल पडलं, कुणी पाडलं, कुणाला लग्नाआधी काय झालं, कुणाचा नवरा मॉस्कोहून पैशांबरोबर कुठला आजार घेऊन आला, सगळं त्या कपाटात. शारशेन योजनेतून पहिल्यांदा गेला तेव्हा त्यांनी त्याला रुग्णाच्या खुर्चीत बसवलं होतं. "कागद जळतो एजे, कागद चोरीला जातो," त्यानं सांगितलं होतं. "यंत्र सरकार देणार, कुलूप सरकार लावणार, तुम्ही फक्त हो म्हणा. सरकार तुमच्या पाठीशी आहे." "सरकार पाठीशी आहे म्हटलं की मी मागे वळून बघते," एजे म्हणाल्या होत्या, आणि त्यांच्याकडे रुग्णांची नोंदणी करणारी साइकाल चहाचे पेले ठेवता ठेवता खुदकन हसली होती. पण तो जात राहिला. ऐकून घ्यायचा, सावकाश बोलायचा. एके दिवशी एजेंनी गळ्यातली किल्ली काढून टेबलावर ठेवली. "तुम्ही म्हणताय म्हणून," त्या म्हणाल्या. तो सगळा उन्हाळा साइकाल कार्डं यंत्रात उतरवत बसली होती.

आता साइकालनंच फोन उचलला. त्याची खरखर ऐकूनही तिनं फोन ठेवला नाही. कदाचित तीही तेव्हा कुणाचा आवाज ओळखण्याच्या स्थितीत नव्हती. "आगाय, तुम्ही सांगितलंत तसंच केलं मी," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात तो आकडा दिला. मग तुम्ही म्हणालात यंत्र चालू ठेव, आम्ही दुरून दुरुस्त करतो. ठेवलं. आणि आता सकाळपासून बायकांचे फोन येतायत." तिचा आवाज अगदी सपाट होता. "त्यांना आपली कार्डं येतायत, आगाय. फोनवर. जिचं तिला. पैसे मागतायत."

दवाखान्यात पोहोचला तेव्हा बुरूल एजे बाहेरचा कोट अंगात ठेवूनच खुर्चीत बसल्या होत्या. टेबलावरचा फोन वाजत होता, थांबत होता, पुन्हा वाजत होता. साइकाल खिडकीपाशी पाठ करून उभी होती. यंत्राच्या पडद्यावर पैशांच्या मागणीचं एकच वाक्य होतं आणि खाली योजनेची कुलपाची चिकटपट्टी. शारशेन दारात उभा राहिला. तो काहीतरी बोलेल म्हणून एजेंनी थोडा वेळ वाट पाहिली. "तुम्ही नव्हतात ना तो," त्या शेवटी म्हणाल्या. त्यानं मान हलवली. "मला कळलं. साइकालला मी सांगितलंय. तिचा दोष नाही." मग म्हणाल्या, "तुमचाही नसेल." त्या 'नसेल'वर त्यांनी जराही जोर दिला नाही, आणि शारशेनला वाटलं की त्यांनी ओरडावं, कपाटाचा तो रिकामा पत्रा लाथेनं वाजवावा. फोन वाजला. एजेंनी उचलला. पलीकडची बाई रडत नव्हती, नुसती पुन्हा पुन्हा विचारत होती, आणखी कुणाकुणाकडे गेलंय, एजे, आणखी कुणाकडे गेलंय. "माहीत नाही बाळ," एजे म्हणत होत्या. "मला माहीत नाही." त्यांच्या तोंडून हे वाक्य त्यानं कधी ऐकलं नव्हतं. ज्यांनी पैसे पाठवले नाहीत त्यांची कार्डं चोर घरच्यांना पाठवत होते, हे दुपारपर्यंत कळलं. पैसे पाठवले त्यांचीही पाठवत होते, हे नंतर कळलं.

मिरगुल नावाची एक बाई फोन उचलत नव्हती. एजेंना तिचीच काळजी जास्त होती. ती लहान मुलांची शिक्षिका होती, दोन वर्षांची एक मुलगी होती तिला, नवरा बांधकामावर मॉस्कोला. सासर नातवासाठी टपलेलं, आणि ती मात्र गेलं वर्षभर चोरून गोळ्या घेत होती. आधीच्या बाळंतपणात ती मरता मरता वाचली होती. पुन्हा तसं झालं तर वाचणार नाही, असं एजेंनीच तिला सांगितलं होतं, आणि सासूला ते पटणार नाही हे दोघींनाही ठाऊक होतं. "घरी गेले तर संशय पक्का होईल," एजे म्हणाल्या. "शाळेत बघते." "मीही येतो," शारशेननं ओठांनी सांगितलं. एजेंनी त्याच्याकडे पाहिलं, का ते विचारलं नाही.

टॅक्सीत चालकानं रेडिओ लावला होता, एक तरुण मुलगा डोंगरातल्या रस्त्यांची खबर वाचत होता, भराभर, जीभ अडखळत. शारशेनला त्या पोराचा हेवा वाटला. किती बेपर्वाईनं तो बोलत होता. शब्द तोंडातून गेले की त्याचे राहत नव्हते. आपण आयुष्यभर प्रत्येक शब्द तोलून, गोल करून, गरम करून लोकांच्या हातात ठेवला. आणि लोकांनी त्याचं काय केलं? विश्वास ठेवला. त्याला एकदम जाणवलं की त्यानं लोकांना सुरक्षितता शिकवलीच नव्हती. त्यानं त्यांना आपल्या आवाजावर विश्वास ठेवायला शिकवलं होतं. त्या दोहोंत काही फरक असतो, हे त्याला आजवर सुचलं नव्हतं. मेदेरलाही नसेल. वडिलांना सुचलं होतं का? शेवटच्या दिवसांत ते फारसे बोलत नसत. भिंतीकडे तोंड करून पडायचे. घरातल्यांना वाटायचं, म्हातारपण.

शाळेत मधली सुटी झाली होती. ओल्या बुटांचा आणि सूपाचा वास होता. मिरगुल वर्गातून बाहेर आली, हाताला खडू लागलेला, केस नीट बांधलेले. बुरूल एजेंना पाहून ती दचकली नाही. "आलात तुम्ही," एवढंच म्हणाली. दोघी खिडकीपाशी उभ्या राहिल्या, शारशेन चार पावलं लांब, फळीवरच्या मुलांच्या चित्रांसमोर. "सकाळी सासूबाईंना आलं," ती सांगत होती. "त्यांना वाचता येत नाही नीट. दिरानं वाचून दाखवलं. मोठ्यानं, सगळ्यांसमोर." "आणि?" "आणि काही नाही. कुणी मारलं नाही. सासूबाई म्हणाल्या, तुझा कोट घे आणि जा. मुलगी झोपली होती, तिला उठवू नकोस म्हणाल्या." मग ती म्हणाली, "मी बाहेर पडले तर कुठे जायचं ते कळेना. मग शाळेत आले. पहिला तास माझाच असतो." एजेंनी तिचा हात धरला. मुलं धावत गेली, एक जण तिला आपटून गेला आणि "माफ करा, एजे" म्हणून पुढे पळाला. तिनं सवयीनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. खडूचा पांढरा पंजा त्याच्या केसांवर उमटला.

"एजे," ती म्हणाली, "तुम्ही तर कपाटाला कुलूप लावायचात ना?"

"लावायचे."

"किल्ली तुमच्याच गळ्यात असायची. मला आठवतं. तपासताना माझ्या पोटाला थंड लागायची."

"हो."

"मग?"

शारशेनला कळलं की हा त्याच्या बोलण्याचा क्षण आहे. दोन पावलं पुढे जायचं आणि म्हणायचं, कुलूप मी काढायला लावलं. एवढंच. त्यासाठी चांगला आवाज लागत नाही, हवाही पुरते. त्याचं तोंड उघडलंसुद्धा. पण त्याला आपली ती कुजबूज आधीच ऐकू आली, चोरासारखी, आणि त्यानं गळ्याशी हात नेला, जणू घसा दुखतोय म्हणून. तेवढ्यात मिरगुलनं त्याच्याकडे पाहिलं. "हे कोण?" तिनं विचारलं. एजेंनी मागे वळून पाहिलंही नाही. "माझ्याबरोबर आलेत," त्या म्हणाल्या. मिरगुलनं मान लववून त्याला सलाम केला, वडीलधाऱ्याला करतात तसा. घंटा झाली. ती वर्गात गेली आणि दार लावून घेताना आतून तिचा आवाज आला, बसा, सगळ्यांनी बसा, कालची कविता कुणाला पाठ आहे.

ती त्याच आठवड्यात नारीनकडे बापाच्या गावी निघून गेली. मुलगी सासूनं ठेवून घेतली. नवऱ्यानं मॉस्कोहून एकदाच फोन केला म्हणे, आणि काय बोलला ते कुणाला कळलं नाही, कारण मिरगुलनं कुणाला सांगितलं नाही. वकील करायचा म्हणून बुरूल एजे धडपडल्या. पण त्यासाठी कार्ड कोर्टापुढे ठेवावं लागलं असतं, आणि मिरगुल नको म्हणाली. आता काय उरलंय लपवायला, असं एजेंनी विचारल्यावर ती म्हणाली, "तेच तर. तेवढं नको म्हणण्याचं तरी माझं राहू दे."

गुरुवार झाला, पाहुणे येऊन गेले, योजना पुढे चालू राहिली. नीट शब्दांतली सूचना निघाली. तिच्यात दवाखान्याचं नाव नव्हतं, आवाजाचाही उल्लेख नव्हता; काही ठिकाणी तोतयेगिरीचे प्रकार आढळले आहेत, असं होतं. बुरूल एजेंचं यंत्र तपासणीसाठी म्हणून नेलं आणि त्याच्या जागी टेबलावर धूळ नसलेला चौकोन राहिला. बायका येईनाशा झाल्या. दुसऱ्या डॉक्टरकडेही गेल्या नाहीत, त्या कुठेच गेल्या नाहीत. वसंतात कुणीतरी सांगितलं की वरच्या वस्तीत एक बाई घरीच बाळंत होताना गेली, एजेंच्या जुन्या रुग्णांपैकी होती. एजे कोट घालून तिच्या घरी जाऊन आल्या. त्यांना कुणी आत बोलावलं नाही. त्यानंतर त्यांनी दवाखान्याची पाटी काढून घेतली.

शारशेनचा घसा कधीच बरा झाला होता. एके सकाळी तो जीपारला मीठ मागायला गेला आणि पूर्वीचा आवाज स्वयंपाकघरभर पसरला. "आला बाई एकदाचा," जीपार म्हणाली. तो दचकून गप्प बसला. तेव्हापासून तो शक्यतो खुणेनं भागवायचा. घरातल्यांना वाटलं, वयाचं असेल. मेदेरचा निरोप आला, नव्या फिती करायच्या आहेत, या खेपेला तोतयांपासून कसं सावध राहावं यावर. आवाज तुमचाच हवा आगाय, लोकांना तो पाठ आहे. शारशेन गेला नाही, आणि नाही म्हणायलाही गेला नाही. दिवसा तो उद्यानात बाकावर बसायचा. शेजारी कुणी बसून हवापाण्याचं बोललं तर तो हसून कानाकडे बोट दाखवायचा, आणि तो माणूस बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्यानं बोलायला लागायचा.

उन्हाळ्याच्या तोंडावर त्याला पोलिसांनी बोलावलं. तपास करणारी बेगाइम नावाची तरुण अधिकारी होती, दमलेली, सभ्य. खिडकी उघडी होती आणि बाहेरच्या झाडांचा कापूस उडून आत येत होता, कागदांवर, तिच्या केसांत. "साइकालच्या फोनवर सगळी बोलणी आपोआप साठतात," ती म्हणाली. "तिलाच माहीत नव्हतं. चोराचं बोलणं सापडलंय. हा तुमचा आवाज नाही, असं तुमच्या तोंडून हवं. ऐकवते." त्यानं मान डोलावली. तिनं कळ दाबली.

तोच आवाज. त्यानं इतका सुंदर आवाज कितीतरी दिवसांत ऐकला नव्हता. आवाजानं साइकालला नमस्कार केला, आकडा विचारला, तिनं दिला. यंत्र चालू ठेवायला सांगितलं, ती हो म्हणाली. काम झालं होतं. आता फोन बंद होईल म्हणून शारशेन वाट पाहू लागला. पण तो आवाज म्हणाला, "साइकाल एजे, तुमचा आवाज असा का येतोय? रडलात का?"

"नाही, आगाय."

"सांगा."

मग साइकाल बोलायला लागली. तिची आई तलासला अंथरुणाला खिळून होती, भाऊ बघत नव्हता. उन्हाळ्यातच तिला सुटी हवी होती, पण ही कार्डं उतरवायची म्हणून तिनं मागितली नव्हती. आणि काल आई गेली. अजून दवाखान्यात कुणाला सांगितलेलं नाही, बुरूल एजेंना उगाच त्रास. ती बोलत होती, अडखळत, हुंदके गिळत, आणि तो आवाज मध्ये मध्ये नुसता 'हं' म्हणत होता. घाई करत नव्हता. चोराला काय गरज होती थांबण्याची, हे शारशेनला कळेना. कदाचित पलीकडे त्याला वेळ काढायचा असेल. कदाचित त्याचीही आई असेल. "मातीला गेलात का?" आवाजानं विचारलं. "नाही जमलं." "जा एजे. उद्या सकाळच्या गाडीनं जा. यंत्राचं मी बघतो." "आगाय," साइकाल म्हणाली, "तुम्हाला देव सुखी ठेवो."

बेगाइमनं कळ दाबली. शारशेन त्या दवाखान्यात वर्षभर गेला होता. साइकालनं आणून ठेवलेला चहा प्याला होता, थंड झाला तर दुसरा मागितला होता. तिला आई होती हे त्याला माहीत नव्हतं. विचारावं असंही कधी वाटलं नव्हतं. कामाचं बोलून, सावकाश, गोल बोलून तो उठायचा. कापसाचा एक पुंजका टेबलावर येऊन थांबला. बेगाइमनं तो फुंकला, कागद पुढे ओढला आणि लेखणी उघडली.

"मग काय लिहू?" तिनं विचारलं. "हे तुम्ही नव्हे?"

"नाही," शारशेन म्हणाला, भरल्या, स्वच्छ आवाजात. "हा मी नाही."